मावळतीचे तीन तास

५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता पंतप्रधानांच्या आवाहनावरून देशभरातल्या घरांनी नऊ मिनिटं दिवे मालवले. टाळेबंदीचा दुसरा आठवडा चालू होता. कारखाने थंड पडले होते आणि विजेची मागणी आधीच घसरलेली होती. लोकांसाठी तो पणत्या लावण्याचा कार्यक्रम होता. ग्रिड सांभाळणाऱ्या अभियंत्यांच्या मात्र दोन दिवसांपासून झोपा उडाल्या होत्या. मागणी बारा ते चौदा हजार मेगावॅटने उतरेल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ती ३१,०८९ मेगावॅटने उतरली, म्हणजे अंदाजाच्या दुपटीहून जास्त.

तरीही अंधार झाला नाही, आणि त्याचं श्रेय पाण्याला जातं. पावणेनऊपासून पुढच्या पंचवीस मिनिटांत देशातल्या जलविद्युत केंद्रांनी आपली निर्मिती २५,५५९ मेगावॅटवरून ८,०१६ मेगावॅटवर आणली. दिवे परत लागू लागले तशी ती सतरा मिनिटांत १९,०१२ मेगावॅटपर्यंत चढवली. कोळशाच्या संचांना भार कमी करायला आधीच सांगून ठेवलं होतं, कारण ऐनवेळी पळणं त्यांच्याकडून होत नाही.

त्या रात्रीची गोष्ट नंतर बरेच दिवस अभिमानाने सांगितली गेली. पण सौरऊर्जेच्या आजच्या युगात ती वेगळ्या कारणासाठी आठवावी लागते. एवढी मोठी चढउतार आता दर संध्याकाळी होते, आवाहनाशिवाय आणि पणत्यांशिवाय. दुपारी देशातले सौर प्रकल्प मिळून साठ-सत्तर हजार मेगावॅट वीज देत असतात. सूर्य कलू लागला की तीनेक तासांत ती सगळी नाहीशी होते. नेमक्या त्याच वेळी घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही आणि एसी सुरू होतात. म्हणजे पुरवठा ओसरतो तेव्हाच मागणी चढते.

वीज साठवून ठेवायची सोय ग्रिडमध्ये फारशी नसते. ज्या क्षणी ती वापरली जाते त्याच क्षणी ती तयार व्हावी लागते. हा तोल जमतो आहे की नाही हे वारंवारितेवरून कळतं. भारतात ती सेकंदाला ५० आवर्तनं, म्हणजे ५० हर्ट्झ असावी लागते, आणि तिने ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात राहावं अशी अपेक्षा असते. मागणी वाढली की आकडा खाली येतो, निर्मिती जास्त झाली की वर जातो. ५ एप्रिलच्या त्या अर्ध्या तासात तो ५०.२६ ते ४९.७० असा हेलकावला. नवी मुंबईत ऐरोलीला राज्याचं भार प्रेषण केंद्र आहे. तिथे बसलेली माणसं दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे करून प्रत्येक तुकड्यात कोणत्या केंद्राने किती वीज द्यायची याचं वेळापत्रक सांभाळतात. पूर्वी या वेळापत्रकात अनिश्चित गोष्ट एकच होती, ती म्हणजे लोक. आता ढगही आले आणि वाराही आला.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं की देशाच्या स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोहोचला. पॅरिस करारात २०३० साठी दिलेलं वचन पाच वर्षं आधी पुरं झालं. बातमी खरी होती, पण ती वाचून अनेकांचा गैरसमज झाला. क्षमता निम्मी म्हणजे वीज निम्मी नव्हे. सौर पॅनेल रात्री झोपतं, सकाळ-संध्याकाळ डुलक्या घेतं आणि वर्षाचा हिशेब काढला तर आपल्या पूर्ण ताकदीच्या पाव भागाइतकीही वीज बहुधा देत नाही. देशात वापरल्या जाणाऱ्या दर दहा युनिटांतली सुमारे सात आजही कोळशातून येतात. म्हणूनच सौरऊर्जा वाढवायची म्हणजे कोळशाच्या केंद्रांना नवी शिस्त लावायची, आणि खरं अवघड काम हेच आहे. पॅनेल बसवणं त्यामानाने सोपं. २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला सौर पार्कच्या लिलावात युनिटला २ रुपये ४४ पैसे असा दर निघाला, तेव्हाच स्वस्ताईचा प्रश्न जवळजवळ निकालात निघाला होता. उरला तो वेळेचा प्रश्न.

कोळशाचा संच रात्रंदिवस एका लयीत चालावा अशा बेतानेच बांधलेला असतो. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे आणि तिथले पाचशे मेगावॅटचे पाच संच राज्याचा मोठा आधार आहेत. अशा संचाचा बॉयलर पूर्ण थंड पडला तर त्याला पुन्हा पूर्ण भारावर आणायला दहा-बारा तास सहज लागतात. जाड पोलादी भाग हळूहळूच तापवावे लागतात, घाई केली तर त्यांना सूक्ष्म तडे जातात. दुपारी सूर्यासाठी संच बंद करायचा आणि संध्याकाळी पुन्हा पेटवायचा हा सरळ वाटणारा मार्ग त्यामुळे बंद होतो. दुपारी संच चालूच ठेवायचा, पण शक्य तितका मंद, एवढंच हातात उरतं.

किती मंद, हा पुढचा प्रश्न. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ मध्ये नियम केला की कोळशाच्या संचांना ५५ टक्के भारापर्यंत उतरता आलं पाहिजे आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत. पाचशे मेगावॅटचा संच दोनशेवर चालवायचा, असा त्याचा अर्थ. एनटीपीसीने दादरी इथे तशा चाचण्या २०१८ मध्येच घेतल्या होत्या, म्हणजे ते अशक्य नाही. पण आपल्या कोळशात राखेचं प्रमाण बरेचदा तीस-चाळीस टक्के असतं. भार कमी केला की भट्टीतली ज्योत डळमळते, मग ती टिकवायला तेल फवारावं लागतं. प्रत्येक युनिटामागे कोळसा जास्त जळतो. रोजच्या तापण्या-निवण्याने नळ्या लवकर थकतात आणि दुरुस्तीचा खर्च वाढतो. स्वच्छ विजेची ही किंमत सौर लिलावाच्या दरात कुठेच दिसत नाही. ती कुणीतरी भरतंच.

पाण्याला असला जाच नाही. झडप उघडली की काही मिनिटांत टर्बाइन पूर्ण जोमाने फिरतं. महाराष्ट्रात हे काम कोयना करते. तिची चारही टप्पे मिळून क्षमता १,९६० मेगावॅटच्या आसपास आहे. चौथा टप्पा एकट्याने हजार मेगावॅटचा, आणि तो बांधलाच गेला संध्याकाळच्या गरजेसाठी. पण कोयनेला हिशेबाचं बंधन आहे. कृष्णा पाणीवाटप लवादाच्या निवाड्यानुसार विजेसाठी पश्चिमेकडे वळवता येणारं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी. संध्याकाळचा चढ जितका उभा, तितकं हे पाणी लवकर संपतं. शिवाय पश्चिमेला सोडलेलं पाणी वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं, ते परत येत नाही. पूर्वेकडे सांगली-साताऱ्यातले शेतकरी त्याच धरणाकडे डोळे लावून बसलेले असतात.

म्हणून तेच पाणी पुन्हापुन्हा वापरण्याची कल्पना पुढे आली. अकोले तालुक्यातल्या घाटघरला कड्यावर एक जलाशय आहे आणि कड्याखाली शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याजवळ दुसरा. वीज जास्त असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं, गरज असते तेव्हा ते खाली सोडून वीज बनवायची. जपानी कर्जातून उभा राहिलेला हा २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८ च्या सुमारास सुरू झाला. मूळ आराखडा असा होता की रात्री कोळशाच्या संचांना गिऱ्हाईक नसतं, तेव्हा ती फालतू वीज वापरून पाणी चढवावं. आता फालतू वीज दुपारची झाली, त्यामुळे पंप चालवायची फायद्याची वेळही बारा तासांनी सरकली. यंत्रं तीच राहिली. या देवाणघेवाणीत वीस-पंचवीस टक्के ऊर्जा वाया जाते, पण दुपारच्या दोन-अडीच रुपयांच्या युनिटाचं संध्याकाळी महाग युनिट होत असेल तर तोटा पचतो. वीज बाजारात संध्याकाळी टंचाईच्या दिवसांत भाव युनिटला १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो.

टाटांच्या भिरा केंद्रातही १५० मेगावॅटचा असाच संच आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी मावळ-मुळशीत बांधलेल्या तलावांना त्यामुळे नवं महत्त्व आलं. भिवपुरी आणि शिरवटा इथे मिळून २,८०० मेगावॅटच्या अशाच, म्हणजे उदंचन, प्रकल्पांसाठी टाटा पॉवरने राज्य सरकारशी २०२३ मध्ये करार केला. सह्याद्रीच्या कड्यांसाठी असे आणखीही बरेच करार झाले आहेत. उंच कडा, खाली कोकण, मध्ये अर्धा किलोमीटरची उतरण: अभियंत्याला याहून चांगली जागा मिळणार नाही. पण हेच कडे पश्चिम घाटातलं शिल्लक राहिलेलं सर्वांत चांगलं जंगलही सांभाळून आहेत. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी शंभर वर्षांपूर्वी सत्याग्रह उभारला, तो याच पट्ट्यात. नव्या प्रकल्पांना जुना इतिहास ठाऊक असलेला बरा.

बॅटऱ्यांनी मात्र सगळ्यांना चकवलं. २०२२ मध्ये सौर ऊर्जा महामंडळाच्या लिलावात बॅटरीचं भाडं एका मेगावॅटला महिन्याला १० लाख ८३ हजार रुपये ठरलं होतं. दोन-अडीच वर्षांतच सरकारी अनुदानासह असे लिलाव सव्वादोन लाखांच्या आसपास येऊन पोहोचले. धरणाला दहा वर्षं लागतात, बॅटरीला दीड-दोन. ती दोन ते चार तास पुरते, आठवडाभर आभाळ राहिलं तर निरुपयोगी. पण मावळतीच्या तीन तासांपुरतं बोलायचं तर ती उदंचन प्रकल्पांची खरी प्रतिस्पर्धी बनली आहे.

साताऱ्याकडे चाळकेवाडी, वनकुसवड्याच्या पठारांवर नव्वदच्या दशकाअखेर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या, तेव्हा त्यांचं मुख्य आकर्षण करसवलत हे होतं. वाऱ्याचा गुण नंतर ध्यानात आला. तो जून ते सप्टेंबर जोरात असतो, म्हणजे ढगांमुळे सौर निर्मिती मंदावते त्याच महिन्यांत. संध्याकाळी आणि रात्रीही तो वाहतो. एकमेकांच्या उणिवा भरून काढणारी ही जोडी आहे, तरी देशभरात सौरऊर्जा वाऱ्याला कधीच मागे टाकून गेली, कारण पॅनेल बसवायला जागा आणि भांडवल लवकर मिळतं.

आता महाराष्ट्राच्या ग्रिडमधल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत दुर्लक्षित घटकाकडे यायला हवं. तो म्हणजे शेतातला पंप. राज्यात कृषिपंपांची संख्या पंचेचाळीस लाखांच्या घरात आहे. त्यांना थ्री फेज वीज मिळायची ती चक्राकार पद्धतीने, कधी दिवसा आठ तास, तर कधी रात्री. रात्रीची पाळी आली की शेतकरी बॅटरी आणि काठी घेऊन उसात किंवा कांद्यात दारं धरायला जायचा. साप, विंचू, जुन्नर-शिरूरकडे बिबट्या, हिवाळ्यात कडाक्याची थंडी. कित्येकांनी पंपाला ऑटो स्विच बसवून घेतले. वीज आली की मोटर आपोआप सुरू, मग पाणी कुठे गेलं ते सकाळी पाहायचं.

ही रात्रपाळी शेतकऱ्याच्या नशिबी का आली? ग्रिडच्या हिशेबामुळे. कोळशाचे संच रात्री बंद करता येत नाहीत आणि शहरं झोपलेली असतात. मग ती वीज कुणाच्या तरी गळ्यात घालायची, आणि ज्याला फीडरवरून चालू-बंद करता येतं असं गिऱ्हाईक एकच होतं. दुसऱ्या शब्दांत, कोळशाच्या ग्रिडचा तोल अनेक वर्षं शेतकऱ्याच्या झोपेवर सांभाळला गेला. धोरणाच्या कागदांत हे असं लिहिलेलं सापडत नाही.

सूर्याने हा हिशेब उलटा केला. राज्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, आणि तिचे पहिले प्रयोग राळेगणसिद्धी व यवतमाळ जिल्ह्यातल्या कोळंबी इथे झाले. कल्पना साधी आहे. गावाजवळच्या वीज उपकेंद्रापासून काही किलोमीटरच्या आत सरकारी पडीक किंवा भाड्याने घेतलेल्या जमिनीवर छोटा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्या उपकेंद्रातून निघणाऱ्या शेतीच्या फीडरला दिवसा तीच वीज द्यायची. जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं. २०२३ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली आणि लक्ष्य वाढत वाढत १६,००० मेगावॅटवर गेलं. वीज तीन रुपयांच्या आसपास पडते आणि जवळच खपते, त्यामुळे लांबच्या तारांतली गळती वाचते. शेतीची सवलत भरून काढायला उद्योगांवर लादलेला बोजाही त्यातून हलका होऊ शकतो.

योजनेची जाहिरात होते ती शेतकऱ्याला दिवसा वीज म्हणून, आणि ती बाजू महत्त्वाची आहेच. पण ग्रिडच्या दृष्टीने पाहिलं तर ही बॅटरीशिवायची बॅटरी आहे. हजारो मेगावॅटची रात्रीची मागणी उचलून ती दुपारच्या उन्हात नेऊन ठेवायची. साठवण होते ती विहिरीतल्या किंवा शेततळ्यातल्या पाण्याची. एवढ्या स्वस्तात एवढी मोठी मागणी सरकवण्याची सोय फार थोड्या देशांना मिळाली आहे.

तिच्या दोन अडचणी आहेत. पावसाळ्यात पंप बंद असतात, पण पॅनेल चालूच राहतं. तेव्हा गावाकडे येणारी वीज उलटी फिरून उपकेंद्रातून वर जाते, आणि फक्त खाली वीज द्यायची सवय असलेल्या यंत्रणेला ते शिकवावं लागतं. दुसरी अडचण भूजलाची. दिवसा, खात्रीची आणि जवळजवळ फुकट वीज मिळाली की पाण्याचा उपसा वाढणारच. मराठवाड्यात बोअर सहाशे-सातशे फुटांवर गेल्यावर तिथल्या सौर फीडरने प्रश्न सोडवला की वाढवला, हे ठरवायला वीजखात्याचं मोजमाप पुरणार नाही.

जवळची वीज सर्वांना पुरत नाही, बरीच लांबून आणावी लागते. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारताची, मग पूर्व आणि ईशान्येचीही ग्रिड कोसळली. साठ कोटींवर लोक अंधारात गेले, पश्चिमेची ग्रिड मात्र वाचली. त्यानंतर दीड वर्षाने, ३१ डिसेंबर २०१३ रोजी, रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि तोवर वेगळ्या तालावर चालणारी दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाशी जोडली गेली. कर्नाटकचा वारा आणि राजस्थानचं ऊन एकाच वारंवारितेवर चालू लागलं ते या सोलापूरच्या जोडामुळे. एवढा मोठा देश एका ग्रिडमध्ये असण्याचा फायदा असा की कच्छमध्ये सूर्य मावळतो तेव्हा ईशान्येत तो मावळून दीड-दोन तास झालेले असतात, त्यामुळे संध्याकाळचा उतार थोडा पसरतो. पण वाहिन्या उभारायला चार-पाच वर्षं जातात आणि सौर प्रकल्प दीड वर्षात उभा राहतो. राजस्थानात तयार झालेली वीज तारांअभावी दुपारी अडवून ठेवायची वेळ येते, ती या फरकामुळे.

जगात याहून कठीण धडे काही जणांना मिळाले आहेत. दक्षिण ऑस्ट्रेलियाने मे २०१६ मध्ये आपलं शेवटचं कोळसा केंद्र बंद केलं. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला वादळाने उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे लोळवले आणि काही सेकंदांत सबंध राज्य अंधारात गेलं. सुरुवातीला सारा दोष पवनऊर्जेवर गेला. चौकशीत बाहेर आलं ते जास्त बारीक होतं: पवनचक्क्यांच्या संगणकीय संरक्षणात अशी मर्यादा घातलेली होती की थोड्या वेळात व्होल्टेज बऱ्याचदा पडलं तर चक्की स्वतःला ग्रिडपासून तोडून घेईल, आणि ग्रिड चालवणाऱ्यांना त्या मर्यादेची कल्पनाच नव्हती. सेटिंग बदललं, चक्क्या पुढे टिकू लागल्या.

कोळशाबरोबर आणखी एक गोष्ट जाते, जी बिलात कधी दिसली नाही. शेकडो टनांची फिरती टर्बाइन जडत्व पुरवतात. जातं फिरवणारा हात क्षणभर सुटला तरी वरची तळी फिरतच राहते, तसं कुठे अपघात झाला तरी ही यंत्रं काही सेकंद वारंवारिता सावरून धरतात. सौर पॅनेलमध्ये फिरणारं काहीच नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियाने यावर दोन उपाय केले. २०१७ अखेर हॉर्न्सडेलला १०० मेगावॅटची बॅटरी बसवली, जी सेकंदाच्या काही भागात प्रतिसाद देते. आणि २०२१ मध्ये चार मोठी यंत्रं बसवली जी वीज बनवत नाहीत, नुसती फिरत राहतात.

आपल्याकडे हा प्रश्न इतक्यात इतका टोकाला जाणार नाही, कारण कोळसा इतक्यात जाणार नाही. मे २०२४ च्या उकाड्यात देशाची मागणी २५० गिगावॅटवर गेली. २०३१-३२ पर्यंत आणखी सुमारे ८० हजार मेगावॅट कोळसा क्षमतेची तयारी केंद्राने जाहीर केली आहे. महाराष्ट्रात कोराडीला ६६० मेगावॅटच्या दोन नव्या संचांना मंजुरी मिळाली, ती सौर कृषी वाहिनीचं लक्ष्य वाढत होतं त्याच काळात. पर्यावरणवाद्यांना हा दुटप्पीपणा वाटतो आणि कोराडीच्या आसपास राख खाणाऱ्या गावांचा राग रास्त आहे. वीज नियोजकांचं म्हणणं असं की ऑगस्टमधल्या सलग पाच ढगाळ संध्याकाळी भागवायला दुसरं काही हाती नाही. बॅटऱ्यांचे भाव ज्या गतीने उतरत आहेत ते पाहता हे म्हणणं दरवर्षी थोडं कमकुवत होत चाललं आहे.

दरपत्रकाने मात्र बदल आधी ओळखला. राज्यातल्या उद्योगांना वर्षानुवर्षं रात्री दहा ते सकाळी सहा वीज स्वस्त मिळायची आणि म्हणून कित्येक भट्ट्या व गिरण्या रात्रपाळीत चालायच्या. २०२५ च्या दरपत्रकात ती सवलत सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचवर आली, आणि स्मार्ट मीटर असलेल्या घरांनाही त्या तासांत युनिटमागे ऐंशी पैसे ते एक रुपया सूट देण्याचं ठरलं. ज्यांचं सगळं घर दिवसा कामावर असतं त्यांना तिचा उपयोग थोडा. पिठाची गिरणी, शीतगृह, पाणीपुरवठ्याचे पंप यांना पुष्कळ.

राहिला कोळसा केंद्रांच्या स्थिर आकाराचा प्रश्न. वीज कंपन्यांनी या केंद्रांशी पंचवीस-पंचवीस वर्षांचे करार केले आहेत आणि त्यात दोन भाग असतात: जळलेल्या कोळशाचा खर्च आणि भांडवलाचा ठरलेला हप्ता. दुपारी संच मंद केला तर पहिला भाग वाचतो, दुसरा द्यावाच लागतो. संच वर्षाला जितके कमी युनिट देईल तितका तो हप्ता थोड्या युनिटांवर पडतो आणि प्रत्येक युनिट महागतं. कोराडीचे नवे संच चालू होतील तेव्हा त्यांना ४० टक्के भारावर, म्हणजे २६४ मेगावॅटवर, दुपार काढावी लागेल आणि संध्याकाळी सहानंतर चढावं लागेल. त्या बैठ्या तासांचे पैसे ग्राहकाने द्यायचे, केंद्राने सोसायचे की सौर उत्पादकाकडून वसूल करायचे, यावर वीज नियामक आयोगापुढच्या सुनावण्यांत येती काही वर्षं वाद चालत राहतील.